बायसन, बाबा आणि एकरी भाव

डेनव्हरला ऑनसाईट जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, काय काय पाहिलं? पाइक्स पीक, गार्डन ऑफ द गॉड्स, रॉकी माउंटन नॅशनल पार्क, आणि सुट्टी मिळालीच तर लांबवर गाडी हाकत येलोस्टोन. (प्रत्येक ठिकाणी त्याच त्या जॅकेटातला फोटो!) मीही हे सगळं यथासांग केलं. पण आमचे बाबा तिकडे आले होते तेव्हा पाहिलेल्या ज्या जागेबद्दल ते आज सात वर्षांनीही बोलतात, ती यातली एकही नाही. ती जागा शहराला अगदी खेटून, विमानतळाच्या अलीकडे आहे. नाव लांबलचक: रॉकी माउंटन आर्सेनल नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार, रेफ्युज म्हणजे आसरा. दोन्ही एकाच पाटीवर.

आधी बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होते. अर्थात नागपुरात तिला आयुध निर्माणी वगैरे कोणी म्हणत नाही, सगळे 'डिफेन्स' म्हणतात. "कुठे राहता?" "डिफेन्समध्ये." संपलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशात जे नवे दारूगोळ्याचे कारखाने निघाले त्यातला हा एक, १९६६ चा. बाबा १९७० मध्ये तिथे टर्नर म्हणून लागले आणि २००९ मध्ये चार्जमन होऊन निवृत्त झाले. एकोणचाळीस वर्षं. या एकोणचाळीस वर्षांत "बाबा, तुम्ही आत काय बनवता?" या प्रश्नाला त्यांनी आम्हाला एकच उत्तर दिलं, "काम करतो." गोपनीयता त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कँटीनमध्ये काय खाल्लं हेही आईला सांगताना ते आवाज खाली आणायचे.

आमचं बालपण क्वार्टरमध्ये गेलं. भिंत, तारेचं कुंपण, गेटवर शिपाई, आणि आतमध्ये झाडंच झाडं. सकाळी मोर ओरडायचे. पावसाळ्यात साप निघाला नाही असा आठवडा नसायचा. शहर भिंतीपर्यंत येऊन थांबलं होतं आणि आत कोणाला बांधायची परवानगी नव्हती, म्हणून ते सगळं टिकलं होतं. लहानपणी एवढा विचार कोण करतो! आम्हाला वाटायचं सगळीकडे मोर असतातच.

आणखी एक गोष्ट. माझ्या आजोबांची नऊ एकर शेती एका सरकारी प्रकल्पात गेली. (काही चुलतभावांची कोर्टकचेरी अजून चालू आहे, त्यामुळे प्रकल्पाचं नाव लिहीत नाही.) बाबा ती गोष्ट फार सांगत नाहीत. पण कुठेही मोठी सरकारी जमीन दिसली की ते एकच विचारतात: एकरी काय भाव दिला? विमानतळ असो, विद्यापीठ असो की धरण. आम्ही घरी त्यावरून त्यांना चिडवायचो.

तर, २०१८ चा नोव्हेंबर. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आईला थंडी सोसेना, म्हणून एका शनिवारी मी, बाबा आणि माझी सहा वर्षांची लेक असे तिघे निघालो. मी फक्त एवढंच वाचलं होतं की तिथे बायसन दिसतात आणि प्रवेश फुकट आहे. (ऑनसाईटवरच्या माणसाला दुसरं कारण चालतं पहिल्यापेक्षा जास्त.) घरापासून वीस मिनिटं. आधी व्हिजिटर सेंटर, आणि त्यात छोटंसं प्रदर्शन. लेक पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे पळाली. बाबा जुन्या फोटोंपाशी थांबले ते थांबलेच.

गोष्ट अशी आहे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं आणि अमेरिका युद्धात उतरली. १९४२ मध्ये लष्कराने डेनव्हरच्या ईशान्येला सुमारे २७ चौरस मैल सपाट शेतजमीन ताब्यात घेतली. तिथली शेतकरी कुटुंबं थोड्या दिवसांच्या नोटिशीवर उठवली, आणि काही महिन्यांत तिथे रासायनिक शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. मस्टर्ड गॅस, ल्युइसाइट, आग लावणारे बॉम्ब. युद्ध संपलं, पण कारखाना थांबला नाही. १९५० च्या दशकात तिथे सरिन बनवलं गेलं. सरिन म्हणजे तेच, जे १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत एका पंथाच्या लोकांनी सोडलं होतं. आणि कारखान्याचा काही भाग खाजगी कंपन्यांना भाड्याने दिला. त्यातली मोठी म्हणजे शेल. १९५२ ते १९८२ अशी तीस वर्षं तिने तिथे कीटकनाशकं बनवली. मुख्यतः आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन.

आल्ड्रिन हे नाव मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा बाबा एकदम वळले. "आल्ड्रिन? उधईची पावडर?"

हो, तीच! विदर्भातल्या ज्या लोकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात शेती पाहिली आहे त्यांना हे नाव माहीत असणार. पेरणीआधी जमिनीत टाकायची, घराच्या जोत्यात टाकायची. आजोबा उघड्या हाताने फेकायचे, असं बाबा म्हणाले. आपल्याकडेही नंतर त्यावर बंदी आली. शेतात उधईसाठी टाकायची पावडर आणि माणसं मारायचा वायू एका आवारात बनत होता, यात त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मला वाटलं होतं. बाबांचं म्हणणं, "मशीनले काय माहीत ते काय बनवून रायली. नळ्या त्याच, पंप तेच."

कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न तिथे पहिल्यापासून होता. सुरुवातीला सांडपाणी सरळ मातीतल्या खड्ड्यांमध्ये सोडत होते. खाली अस्तर नाही, काही नाही. ते जमिनीत मुरलं, भूजलात गेलं, आणि १९५० च्या दशकात उत्तरेकडच्या शेतांमधली पिकं जळायला लागली. रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात या जागेचा उल्लेख आहे. तीन मैल लांबच्या विहिरींपर्यंत ते विष जायला सात-आठ वर्षं लागली, असं त्या लिहितात. म्हणजे ज्याने सोडलं त्याची तोवर बदली झालेली, आणि ज्याचं पीक जळलं त्याला कशाने जळलं ते ठाऊक नाही. कारखान्याच्या तळ्यांवर बदकं मरून पडत होती ती वेगळीच.

मग १९५६ मध्ये ९३ एकरांचं एक तळं बांधलं, डांबराचं अस्तर लावून. त्याचं नाव बेसिन एफ. (ए, बी, सी, डी, ई आधीच झाले होते यावरून अंदाज घ्या.) ते पुरेना म्हणून १९६१ मध्ये कोणीतरी डोकं लावलं: खोल भोक पाडू आणि सगळं पृथ्वीच्या पोटात ढकलून देऊ. १२,०४५ फूट खोल विहीर खणली. मार्च १९६२ पासून त्यात सांडपाणी दाबाने सोडायला लागले. आणि एप्रिलपासून डेनव्हरला भूकंपाचे धक्के बसायला लागले!

हा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो. डेव्हिड इव्हान्स नावाच्या तिथल्याच एका भूगर्भशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दोन आलेख एकाखाली एक ठेवले. एक, कुठल्या महिन्यात विहिरीत किती पाणी ढकललं. दुसरा, कुठल्या महिन्यात किती भूकंप झाले. चढ-उतार सारखेच. आपण नाही का सर्व्हर पडल्यावर डिप्लॉयमेंटची वेळ आणि एररची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघत, तेच. लष्कराने फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद केली, तरी धक्के सुरूच राहिले. सगळ्यात मोठा, सुमारे ५ तीव्रतेचा, बसला ऑगस्ट १९६७ मध्ये, म्हणजे विहीर बंद केल्यावर दीड वर्षाने. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला. माणसाच्या उद्योगामुळे होणाऱ्या भूकंपांबद्दल कुठेही वाचा, ही दोन नावं हमखास जवळजवळ येतात: डेनव्हर आणि कोयना. तिकडे विहीर, इकडे धरण.

असो. १९८२ मध्ये उत्पादन थांबलं. मागे राहिल्या रिकाम्या इमारती, विषारी तळी, आणि भोवती मैलोन् मैल कुंपणाच्या आतलं गवत, जिथे चाळीस वर्षं नांगर फिरला नव्हता की घर झालं नव्हतं. १९८६ च्या हिवाळ्यात साफसफाईच्या कामावरच्या लोकांना तिथल्या झाडांवर बाल्ड ईगल मुक्कामाला येताना दिसले. अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, तेव्हा नामशेष व्हायच्या यादीत, आणि बसलाय कुठे तर देशातल्या सर्वात दूषित जागांपैकी एकीवर! १९८७ मध्ये ही जागा 'सुपरफंड' यादीत गेली, म्हणजे सगळ्यात घाणेरड्या जागांची सरकारी यादी. आणि १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला की साफसफाई झाली की इथे अभयारण्य होईल. २०१० मध्ये मुख्य साफसफाई पूर्ण झाली. खर्च २.१ अब्ज डॉलर, लष्कर आणि शेल यांच्यात वाटून.

प्रदर्शन पाहून आम्ही गाडी काढली. आत अकरा मैलांचा रस्ता आहे, आपला आपणच हळूहळू चालवत जायचा. बायसनच्या भागात गाडीतून उतरायचं नाही. पश्चिमेला बर्फाचे डोंगर, दक्षिणेला डेनव्हरच्या उंच इमारती, डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. आणि मध्ये पिवळं गवत, त्यात काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बायसन. (आपल्याकडे ताडोब्याचे गाईड गव्याला बायसन म्हणतात, तो हा नव्हे. हा केसाळ, पुढून भरलेला, मागून बारीक, जणू दोन वेगळ्या प्राण्यांचे भाग जोडलेत.) २००७ मध्ये मोंटानाहून १६ आणले होते, आता मोठा कळप आहे. एक नर रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. पाच मिनिटं. लेकीने श्वास रोखून धरला होता. बाबाही गप्प, पण ते दुसरीकडे पाहत होते.

डावीकडे कुंपणाआड एक लांबच लांब, सपाट माथ्याची टेकडी होती. गवत इतकं सारखं की मुद्दाम पेरल्यासारखं. "हा ढीग काऊन असा आहे?" बाबांनी विचारलं. टर्नरची नजर, सरळ रेषा लगेच दिसते. ते होतं झाकण. पाडलेल्या इमारती आणि माती खाली पुरून वर मातीचे थर दिलेत. ती जागा अजून लष्कराकडे आहे, लोकांना आत प्रवेश नाही. आणि त्या थरांमध्ये एक थर फोडलेल्या काँक्रीटचा आहे, दीडेक फुटाचा. तो कशाला? तर प्रेअरी डॉगसारख्या बिळं करणाऱ्या प्राण्यांनी खाली खणू नये म्हणून! ते काँक्रीट आलं शेजारच्याच जुन्या स्टेपलटन विमानतळाच्या धावपट्ट्या फोडून. म्हणजे प्राण्यांच्या आसऱ्याच्या जागेत काही एकर असे आहेत जिथे धावपट्टी पुरून प्राण्यांना अडवलंय. मला हे फार थोर वाटलं. प्रामाणिक इंजिनिअरिंग. आपल्या प्रोजेक्टमध्येही असा एखादा जुना मोड्यूल असतो ज्याला कोणी हात लावायचा नाही, पण त्याच्यावर एवढं जाड झाकण कोणी घालत नाही.

परत व्हिजिटर सेंटरला आलो. तिथे एक सत्तरीचे स्वयंसेवक आजोबा होते, गप्पिष्ट. बाबा मला म्हणाले, "याले विचार, शेतकऱ्याईले एकरी काय भाव देला?"

मला माहीतच होतं! विचारलं. त्या आजोबांना आकडा ठाऊक नव्हता, पण प्रश्न आवडला. त्यांनी नकाशावर एक ठिपका दाखवला: एग्ली हाऊस. १९१० च्या सुमाराचं एका शेतकऱ्याचं घर, अजून उभं आहे. त्या काळच्या शेतघरांपैकी आता दाखवायला उरलंय ते एवढंच.

बाबांचा दुसरा प्रश्न: "लढाई संपल्यावर जमीन वापस देली का?"

बहुतेक जमीन नाही दिली. आधी कारखाना चालू होता म्हणून नाही, नंतर ती देण्यासारखी राहिली नाही म्हणून नाही. या अभयारण्याच्या जमिनीवर काही अटी कायमच्या आहेत: घरं बांधायची नाहीत, शेती करायची नाही, इथलं पाणी प्यायचं नाही, तळ्यात मासा पकडला तर खायचा नाही, परत सोडायचा. भूजल आजही पंपाने वर काढून, गाळून, पुन्हा जमिनीत सोडतात. आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे, जी पाटीवर लिहिलेली नाही पण उघड आहे. माणसं कायमची राहणार असती तर माती जास्त खोलवर, जास्त कसून साफ करावी लागली असती, आणि खर्च त्या मानाने वाढला असता. तासभर गाडीतून फिरून घरी जाणारे पाहुणे आणि तिथेच चरणारे बायसन, एवढ्यांसाठी तेवढं लागत नाही. अभयारण्य हा भला विचार होता हे खरंच. तो स्वस्तही पडला. गरुड योग्य वेळी येऊन बसले असं म्हणा.

बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे शेतकऱ्याले देता येत नाई म्हणून जनावराले देली." मी ते त्या आजोबांना इंग्रजीत सांगितलं. ते हसले, मग म्हणाले, तुमचे वडील वकील आहेत का? मी म्हटलं, नाही, कारखान्यात होते, अशाच. त्यावर त्यांनी बाबांशी हात मिळवला आणि विचारलं, काय बनवायचात? मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "काम करत होतो." मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, आणि दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून असे हसले की जणू जुनी ओळख आहे.

(हेही खरं की त्या शेतकऱ्यांच्या आधी ती जमीन अरापाहो आणि शायान लोकांची होती. बाबांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग एकरी भाव दोनदा विचारला पाहिजे.)

डेनव्हरच्या दुसऱ्या अंगाला असंच आणखी एक आहे, रॉकी फ्लॅट्स. तिथे १९५२ पासून १९८९ पर्यंत अणुबॉम्बसाठी प्लुटोनियमचे भाग बनत. आम्ही तिथे होतो त्याच साली, सप्टेंबर २०१८ मध्ये, ते अभयारण्य म्हणून लोकांसाठी उघडलं, आणि डेनव्हरसह तिथल्या काही शालेय मंडळांनी मुलांच्या सहली तिकडे न्यायच्या नाहीत असं ठरवलं. आमच्याकडे आईनेही तेच ठरवलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी नागपूरला परत आलो, मिहानमधल्या ऑफिसात. आणि त्याच नोव्हेंबरात मिहानमध्ये वाघ आला! थट्टा नाही, पट्टेदार वाघ. इन्फोसिसच्या आवाराच्या आसपास दिसला, वनखात्याने कॅमेरे लावले, आणि आम्हाला संध्याकाळी एकट्याने बाहेर पडू नका असे ईमेल आले. ईमेलचा विषय होता 'टायगर अ‍ॅडव्हायझरी'. माझ्या आयुष्यातला सर्वात लक्षपूर्वक वाचलेला ऑफिसचा ईमेल.

वाघ मिहानमध्येच का आला? जरा जाऊन बघा. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव, इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी प्रकल्पासाठी घेतल्या. काही प्लॉटवर कंपन्या आल्या, पुष्कळसे तसेच पडून राहिले. शेती बंद, घर नाही, कुंपण आहे, गवत पुरुषभर. रानडुकरं आली. रानडुकरामागे वाघ आला. बाबांनी पेपर वाचून चष्मा खाली ठेवला: "वाघाले सातबारा लागत नाई." पुढे मे २०२१ मध्ये बिबट्या तर थेट गायत्रीनगरात, आयटी पार्कजवळ येऊन गेला. तिथून तो शहरात कुठे कुठे फिरला ते सगळ्या नागपूरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं.

आपल्याकडे अशा जागांना कोणी अभयारण्य म्हणत नाही, पण त्या आहेत. भद्रावतीच्या चांदा आयुध निर्माणीच्या आवारात बिबटे आणि वाघ ही काही बातमी राहिलेली नाही. भिंतीच्या आत जंगल राखलेलं, बाहेर कोळसा खाणी आणि शेतं, मग जनावर जाणार कुठे? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातही वाघ फिरतात. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये कामावरून घरी निघालेल्या एका कामगाराचा वाघाने जीव घेतला. म्हणून डेनव्हरच्या बायसनचे फोटो पाहून कोणी "आपल्याकडे असं का नाही?" म्हणालं की मी जरा थांबतो. तिकडे प्राणी कुंपणाच्या आत आणि माणूस काचेच्या आत आहे. इकडे दोघांची पाळी एकाच रस्त्यावर सुटते.

हल्ली रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन अंबाझरीच्या बायोडायव्हर्सिटी पार्कला जातो. तलावाच्या मागे, साडेसातशे हेक्टरच्या वर पसरलेलं माळरान. भाड्याने सायकल मिळते. बाबा सायकल घेत नाहीत, चालतात. बाजूला डिफेन्स, पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी, आणि मध्ये हे गवत. मोर अजून ओरडतात. मागच्या महिन्यात तिथे चालता चालता मी त्यांना विचारलं, समजा उद्या कारखाना इथून हलवला, तर आतल्या जमिनीचं काय होईल? प्रश्न अगदीच हवेतला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, अंबाझरी आता यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे, मुख्यालय इथेच नागपुरात. कारखाना जोमात चालू आहे, हलवायची गोष्ट कोणी काढलेली नाही. पण कंपनी म्हटली की ताळेबंद आला, आणि ताळेबंदात जमिनीची किंमत आली.

बाबांनी एक क्षणही घेतला नाही. "ले-आऊट पडतीन."

पडतीलच. वाडी-हिंगणा भागात आता जमिनीचा भाव एकराने नव्हे, फुटाने सांगतात. इथे मोरांसाठी कोणी काही सोडणार नाही. डेनव्हरला जे झालं ते मोकळ्या जमिनीच्या प्रेमापोटी झालं नाही, जमिनीत काय आहे याची भीती होती म्हणून बिल्डर आला नाही. मी हे बोललो आणि बाबा चालता चालता थांबले. "म्हणजे मोर ठेवाचे असन तं जमिनीत जहर पायजे?" माझ्याकडे त्याचं नीट उत्तर नव्हतं. मी म्हटलं, किंवा कायदा पाहिजे. ते म्हणाले, तो तिकडे जहरामागून आला.

तेवढ्यात त्यांना भोपाळ आठवलं. युनियन कार्बाइडच्या आवारात १९८४ पासून पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा, जो २०२५ च्या पहिल्या तारखेच्या रात्री बारा कंटेनर ट्रकांमधून पीथमपूरला नेला, तिथल्या लोकांनी विरोध केला, आणि जूनअखेरपर्यंत जाळून संपवला. बाबांनी ती बातमी महिनोन् महिने रोज वाचली होती, कात्रणंही ठेवली आहेत. भूजलात जे गेलं ते या बारा ट्रकांत मोजलेलंच नाही हे त्यांना ठाऊक होतं, मी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी विचारलं, "त्या डेनव्हरच्या तळ्यातलं किती होतं?"

बेसिन एफमधलं म्हणजे. त्याचा आकडा मला पाठ आहे, सुमारे ४ कोटी लिटर. ते १९९३ ते १९९५ मध्ये खास भट्टी बांधून जाळलं.

"चार कोटी म्हणजे किती टँकर?"

दहा हजार लिटरचा एक धरला तर चार हजार.

बाबा पुलाच्या कठड्याला टेकून बोटांवर काहीतरी हिशोब करत राहिले. चार हजार टँकर, दोन वर्षं, दिवसाला पाच-सहा. उन्हाळ्यात एका वस्तीला लागतात तेवढेच की. "मंग होते तं," ते म्हणाले. "केलं तं होते." मग त्यांनी विचारलं की त्या भट्टीचं तापमान किती ठेवत होते आणि नळ्या कुठल्या धातूच्या होत्या, कारण ते ऊन-ऊन पाणी साध्या पोलादाने धरलं नसतं. नळ्यांचं मला माहीत नाही म्हटल्यावर घरी आल्या आल्या त्यांनी नातीला कॉम्प्युटर लावायला सांगितलं. जेवायची वेळ झाली तरी दोघं तिथेच होती.